पहिली कथा : वहीपासून दिवाळी अंकापर्यंत

दिवाळी अंक वाचून झाले की माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. कधी ऑफिसातली एखादी मुलगी, कधी शेजारचे निवृत्त काका. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच : "ताई, विषय डोक्यात खूप आहेत, पण लिहायला बसलं की दोन पानांत संपतं." त्यांना मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते. माझ्याच एका कथेचं उदाहरण धरून सांगते, कारण ती कथा कुठे कुठे अडली आणि कशी सुटली हे मला नीट आठवतं.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. विषय म्हणजे कथा नव्हे. 'विडी कामगार बायकांचे हाल' हा विषय झाला, 'म्हातारपणीची परवड' हाही विषयच. त्यावर लेख होईल, भाषण होईल. कथेला एक माणूस लागतो आणि त्या माणसाची निकड लागते. आज, आत्ता त्याला काहीतरी हवं आहे आणि ते सहजी मिळत नाही, ही ती निकड. वाचकाला पान उलटायला लावते ती हीच. भाषा सुंदर असली तर उत्तम, पण निकड नसलेली सुंदर भाषा वाचक दुसऱ्या पानावर ठेवून देतो.

पहिले दोन महिने फक्त वही

कथा लिहायची घाई करू नका. शंभर पानी वही घ्या आणि रोज पाच ओळी लिहा. त्यात विचार लिहायचे नाहीत. जे पाहिलं, जे ऐकलं तेवढंच लिहायचं. 'आज समाज किती स्वार्थी झाला आहे' ही ओळ पुढे कधीच कामाला येत नाही. बसमध्ये एका माणसाने मांडीवर धरलेला घड्याळाचा खोका आणि त्यावर बांधलेली सुतळी ही ओळ दहा वर्षांनीही कामाला येते.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : "रेशन दुकान, सकाळी साडेदहा. बाईचा अंगठा मशीन घेत नाही. चौथ्यांदा. दुकानदार, 'हात धुऊन या जरा.' ती पदराला पुसते. मागची रांग पुढे सरकते."

आमच्या सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याचं रीळ. वर्षानुवर्षं पान वळून आणि दोरा ओढून बोटांच्या रेषा झिजतात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही तो त्यामुळे. हे मला नोंद केली त्या दिवशी माहीत नव्हतं. नोंद वहीत होती म्हणून मी पुढे चौकशी केली. वहीचा खरा उपयोग हा आहे : ती तुम्हाला विचारायला लावते.

ज्यांच्याबद्दल लिहाल त्यांचं नाव, गल्ली, नातं, सगळं बदला. गरिबाचं घर उघड्यावर मांडायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

निकड शोधा, आणि पहिली सापडली की थांबू नका

नोंद वाचून स्वतःला तीन प्रश्न विचारा. हिला काय हवं आहे? आजच का हवं आहे? आडवं कोण येतंय?

मी पहिल्यांदा उत्तरं लिहिली ती अशी : धान्य हवं आहे, महिना संपत आला म्हणून आजच हवं आहे, आणि आडवं मशीन येतंय. तेवढ्यावर मी आठ पानं लिहिली. एका मैत्रिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "वाईट वाटलं गं," आणि चहा ठेवायला उठली. तेव्हा कळलं, की मी बातमी लिहिली आहे. मशीनशी माणूस भांडू शकत नाही. यंत्र अडवतं तेव्हा वाचकाला कणव येते, पण पुढे काय होणार याची ओढ लागत नाही.

मग मी एका रेशन दुकानदाराशी बोलले. त्यांनी सहज सांगितलं, की कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो. माझी कथा तिथे उघडली. म्हातारीचा अंगठा लागत नाही, मुलगा परगावी, घरात राहिली सून. आणि सून-सासू तीन आठवडे एकमेकींशी बोलत नाहीत. कारण अगदी घरगुती : सासूची पितळी घागर सुनेने न विचारता मोडीत घातली आणि पैसे भरून मिक्सर आणला.

आता बघा काय बदललं. हवं आहे तेच, माणशी पाच किलो धान्य. पण ते मिळवायचं तर ज्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलंय त्या तोंडाला विनंती करायची. अडचण दुकानातून उठून घरात आली. बाहेरची अडचण आत, माणसामाणसांत आणा. नव्याने लिहिणाऱ्याला मला एकच गोष्ट शिकवता येणार असेल तर मी ही शिकवेन.

सुरुवात पहाटेपासून नको

नव्या लेखकांच्या दहापैकी सात कथा पहाटे सुरू होतात. कोंबडा आरवतो, सूर्य वर येतो, नायिका अंगण झाडते. माझा पहिला खर्डाही त्याच वाटेचा :

"सोलापूरच्या पूर्व भागात एक जुनी वस्ती होती. तिथे नरसव्वा नावाची एक गरीब विडी कामगार म्हातारी राहत होती. तिचं सारं आयुष्य कष्टात गेलं होतं. तिला एक मुलगा आणि सून होती. सुनेचं आणि तिचं पटत नव्हतं. एके दिवशी ती रेशन आणायला गेली."

यात चुकीचं वाक्य एकही नाही. पण सगळं सांगून झालं आहे, वाचकाला शोधायला काही ठेवलेलंच नाही. 'गरीब', 'कष्टात', 'पटत नव्हतं' हे शब्द म्हणजे निकाल आहेत, आणि निकाल वाचकाने द्यायचा असतो. तोच प्रसंग पाचव्या वेळी लिहिला तो असा :

"चार वेळा झालं, मावशी. मागं लाईन बघा."

नरसव्वाने अंगठा पदराला पुसला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा काचेवर दाबला. मशीन टुक् करून गप्प झालं.

"कार्डावर दुसरं कोण हाय का घरात?"

"हाय."

"मग त्यास्नी पाठवा की."

तिने रिकामी पिशवी उचलली आणि घडी घातली. घडीवर घडी, तळहाताएवढी होईपर्यंत.

"मशीनच बघा की जरा नीट," ती म्हणाली.

इथे सून आहे हेसुद्धा सांगितलेलं नाही. पण 'हाय' एवढ्या एका शब्दानंतर ती पुढे काही बोलत नाही, आणि पाठवा म्हटल्यावर मशीनकडे बोट दाखवते. वाचक लगेच विचारतो : घरात माणूस आहे, मग पाठवत का नाही? तो प्रश्न मनात आला की वाचक तुमचा. पिशवीच्या घड्या मी मुद्दाम ठेवल्या. तिचा अपमान झाला असं लिहिण्याची मग गरज उरली नाही.

तुम्हीही हे करून बघा. तुमच्या कथेचं पहिलं पान काढून टाका आणि दुसऱ्यापासून वाचा. बहुतेक वेळा कथा तिथेच सुरू होत असते.

कुणाच्या डोळ्यांनी?

हे पटकन सांगते. पहिल्या कथेत एकाच माणसाच्या सोबत राहा. नरसव्वा बघते तेवढंच आपण बघायचं. सुनेच्या मनात काय चाललंय ते नरसव्वाला कळत नाही, म्हणून ते आपणही सांगायचं नाही. सुनेचा हात कसा हलतो, भांडं किती जोरात ठेवलं जातं, यावरून ताडायचं. मध्येच सुनेच्या मनात शिरलात तर ताण सुटतो. मी एकदा सुनेच्या बाजूने दोन पानं लिहिली होती. ती चांगली होती, पण ती वेगळीच कथा होती. फाडली नाहीत, बाजूला ठेवली.

माणसं हवं ते तोंडाने मागत नाहीत

संवाद हा नव्या लेखकाचा सगळ्यात कच्चा भाग असतो. पात्रं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी वाचकासाठी सांगत बसतात : "सूनबाई, तू माझी पितळी घागर विकलीस म्हणून मी तुझ्यावर रागावले आहे." घरात असं कुणी बोलत नाही. रागावलेली माणसं पिठाबद्दल बोलतात, पाण्याबद्दल बोलतात.

संध्याकाळी नरसव्वा घरी येते. सून मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवते आहे. त्या आवाजात म्हातारी भिंतीकडे बघून म्हणते, "दुकान उद्या बारापर्यंतच हाय म्हणं." मिक्सर थांबतो. सून झाकण काढते, चमच्याने कडा खरवडते. "मला उद्या कारखान्याला माल द्यायचाय," ती म्हणते, आणि मिक्सर पुन्हा सुरू करते.

मागणं झालं, नकार झाला, आणि दोघींपैकी एकीनेही त्याचं नाव घेतलं नाही. तीन आठवड्यांनी दोघी पहिल्यांदा बोलल्या, त्याही अशा.

बोलीबद्दल पुष्कळांना धाकधूक असते की शुद्धलेखनात बसेल का. बसतं. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच पात्राच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा किंवा सगळंच बोलीत लिहा, दोन्ही चालतं. मात्र तुमच्या कानात असलेलीच बोली लिहा. सावंतवाडीच्या माणसाने मालिका पाहून वऱ्हाडी लिहिली तर अमरावतीचा वाचक पहिल्या ओळीतच अंक मिटतो. माझ्या नरसव्वाचं माहेर तेलुगू बोलणारं. तेलुगू मला येत नाही, म्हणून मी तिच्या तोंडी एकही तेलुगू वाक्य घातलं नाही. तिचं मराठी तेवढं शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी सांगितलं, "आमी असं नाय बोलत." ती दोन्ही वाक्यं बदलली.

शेवट

नवीन लेखक शेवटी नायकाला मारतात, नाहीतर स्वप्नातून जागं करतात. त्यांना वाटतं कथा मोठी व्हायला घटना मोठी हवी. खरं तर कथा संपते ती निकड भागली, मोडली किंवा तिचं रूप पालटलं त्या क्षणी.

माझ्या पहिल्या शेवटात सासू-सून गळ्यात पडल्या. खोटं वाटलं. दुसऱ्यात सून गेलीच नाही, तेव्हा कथा कडवट होऊन बसली. महिनाभर काही सुचेना. मग वहीतली पहिली नोंद पुन्हा वाचली आणि लक्षात आलं, की सूनही विड्याच वळते. दुसऱ्या दिवशी सून दुकानात येते, न बोलता मशीनवर अंगठा ठेवते, आणि तिचाही लागत नाही. एकदा, दोनदा. दोघी तिच्या अंगठ्याकडे बघतात. तिसऱ्यांदा लागतो. कथा तिथे थांबवली. दोघी घरी जाताना काय बोलल्या हे मी लिहिलं होतं, ते खोडलं.

शेवट बहुधा तुमच्या कथेत आधीच कुठेतरी पडलेला असतो. अडलात तर नवी घटना आणू नका, मागे जाऊन वाचा.

खर्डा संपला, काम सुरू

पहिला खर्डा वाईट का असेना, पुरा करा. तिसऱ्या पानावरून पहिलं पान सुधारायला परत गेलात की ती कथा कधीच पुरी होत नाही. पुरी झाली की पंधरा दिवस कपाटात. मग मोठ्याने वाचा, शक्यतो उभं राहून. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे वाचक केव्हाच उठून गेलेला असतो. 'तिला खूप वाईट वाटलं' छापाची वाक्यं शोधून काढा, आणि शेवटच्या तीन ओळी झाकून बघा. त्यांच्याशिवाय भागत असेल तर त्या नकोत.

पुनर्लेखन म्हणजे आपल्यात काही कमी आहे असं समजू नका. 'सत्यकथा' हे कथा-कवितांचं मासिक १९८२मध्ये बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी पत्रांतून चर्चा करून कथांवर पुन्हा पुन्हा काम करून घेतलं, हे मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे. आज तसं पत्र लिहिणारा संपादक क्वचितच भेटतो, म्हणून ते काम आपणच करायचं. नाहीतर तीन-चार जणांनी मिळून महिन्यातून एकदा बसायचं. आमच्या बैठकीचा नियम साधा आहे : 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' म्हणायचं नाही, कुठे लक्ष उडालं ते ओळीवर बोट ठेवून सांगायचं.

पाठवणं

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. नव्या कथालेखकाला इतकी दारं एकदम उघडी असणं ही मराठीची मोठी मिळकत आहे, तिचा फायदा घ्या.

अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असला तरी त्याची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडावरच सुरू होते. कथा जूनमध्ये, फार तर जुलैत पोहोचली पाहिजे. गणपती झाल्यावर पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाते. आदल्या वर्षीचे पाच-सहा अंक वाचनालयातून आणा आणि कोणता अंक कशा कथा छापतो ते पाहा. विनोदी अंकाला नरसव्वा पाठवून उपयोग नाही. काही अंक फक्त निमंत्रितांचंच साहित्य घेतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. वर्ड फाईल आणि सोबत पीडीएफ पाठवा, म्हणजे जोडाक्षरं तुटली तर संपादकांना मूळ पाहता येतं. मोबाईलवर बोलून लिहीत असाल तर ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार हाताने तपासा. सोबतचं पत्र पाच ओळींचं : कथेचं नाव, शब्दसंख्या, ती अप्रकाशित असल्याचा उल्लेख, तुमचं नाव आणि फोन. कथेचा आशय समजावून सांगू नका. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. मानधनाचं आधी विचारा. काही अंक देतात, काही फक्त लेखकप्रत देतात, तो निर्णय तुमचा. पण कथा छापण्यासाठी तुमच्याचकडून पैसे मागणारा अंक भेटला तर नको म्हणा.

आणि आपली प्रत जपून ठेवा. एका अंकात माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेदच छापायचा राहिला होता. कळवलं, पण उत्तर आलं नाही. त्या रात्री मी खूप रडले होते. मूळ प्रत जवळ होती म्हणून ती कथा पुढे संग्रहासाठी तरी जशीच्या तशी देता आली.

परत आली तर

येईलच. माझ्या पहिल्या सात कथा परत आल्या, त्यातल्या तिघांचं तर 'साभार परत' एवढंही उत्तर नव्हतं. मी तेव्हा एक रजिस्टर घातलं : कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, काय झालं, पुढे कुठे. परत आलेली कथा एकदा वाचायची, खटकेल तेवढं दुरुस्त करायचं आणि आठवड्याच्या आत पुढच्या पत्त्यावर पाठवायची. या रकान्यांनी मला जितकं सावरलं तितकं कुणाच्या धीर देण्याने सावरलं नाही. नकार तिथे एक तारीख होऊन बसतो आणि शेजारचा रकाना रिकामा दिसला की हात आपोआप कामाला लागतो. नरसव्वाची कथा चौथ्या ठिकाणी छापून आली.

कुठेच दार उघडत नसेल तर आपलं दार करा. १९६०नंतरच्या दशकात तरुण लेखकांनी सायक्लोस्टाईल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून स्वस्तात प्रती काढून, लघुनियतकालिकं म्हणजे छोटे स्वतंत्र अंक काढले, हातोहात वाटले, आणि मराठी साहित्याला त्यातून नवी माणसं मिळाली. आज तर सायक्लोस्टाईलचीही गरज नाही. पाच जणांनी मिळून वर्षातून एक अंक काढला आणि गावच्या वाचनालयात ठेवला तरी वाचक मिळतो. वाचनालयात कथा वाचून दाखवा. समोरची बाई मध्येच पिशवी आवरायला लागली की कथा कुठे सैल आहे ते जागच्या जागी कळतं.

वेळेचं म्हणाल, तर नोकरी आणि घर सांभाळून दिवसाला पाऊण तास निघतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी माझं लिहिणं होत नाही, हे मी धरूनच चालते आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावत नाही. बाकीचे दिवस मात्र मोडत नाही. सुचो न सुचो, वही उघडते. एक कथा पाठवली की तिच्या उत्तराची वाट न बघता दुसरी घेते, नाहीतर वाट बघण्यातच वर्ष जातं.

सुनेच्या बाजूची ती दोन पानं या जूनमध्ये मी पुन्हा काढली आहेत. घागर मोडीत घालायला ती भांड्यांच्या दुकानात उभी आहे, तराजूत घागर आहे, आणि दुकानदार वजनाचा आकडा सांगतो आहे. घागरीच्या आत तळाशी सासूच्या माहेरचं नाव कोरलेलं तिला तेव्हा दिसतं. तरी ती पैसे घेते. का घेते, ते मला अजून कळलेलं नाही. उद्या पाण्याचा दिवस आहे, परवा सकाळी पुन्हा बसेन.